बुद्धिबळातल्या इव्हान्स गॅम्बिट या सुरुवातीत प्यादं देऊन पांढऱ्याला नेमकं काय मिळतं?

वेळ मिळतो (घड्याळातला नव्हे, चालींची आघाडी), आणि तोच महत्त्वाचा. इटालियन ओपनिंगमध्ये (पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा सी५ वर) चौथ्या चालीला बी४ खेळायचं, म्हणजे प्यादं त्या घरात ढकलायचं, काळ्याच्या उंटानं ते प्यादं खाल्लं की सी३ करून त्याच उंटाला हाकलायचं, तो पळेपर्यंत डी४ खेळून सेंटर आपलं, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजा सुरक्षित) पण पटकन होतं आणि सी४ वरचा उंट काळ्याच्या राजाशेजारच्या एफ७ या कच्च्या घरावर डोळा ठेवून बसलेलाच असतो. काळ्याचा राजा मध्येच अडकला तर तुटून पडायचं, वजीर एक्स्चेंज करत बसू नका. कास्पारोव्हनं १९९५ ला रिगामध्ये आनंदला यानंच २५ चालींत हरवलं, तो डाव नक्की पटावर मांडून बघा, खूप शिकायला मिळतं. फक्त काळ्यानं डी६ आणि उंट बी६ खेळून प्यादं परत दिलं तर अटॅक थंडावतो, तिथे मात्र घाई नको.