चेटकिणींच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा वाचून अंधश्रद्धा वाढते का? सुरुवात कुठून करावी?

नाही वाढत. यावरून आमच्या घरात चांगलंच वाजलंय, म्हणून लिहायला बसले.

गौरीजेवणाला सगळे आमच्याकडे, सदाशिव पेठेत. पहिली पंगत बसली होती, मी तूप वाढत होते. मोठ्या भाऊजींना टीव्हीशेजारी माझं पुस्तक दिसलं. जांभळं मुखपृष्ठ, झाडूवर बसलेली मुलगी, मागे काळं मांजर. भाऊजी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम मनापासून करतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण भर पंगतीत म्हणाले, "ज्या पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तिथे तू चेटकिणी वाचतेस?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

फार लागलं मला ते. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर काय झालं, हे मला कुणी सांगायला नको. माझे बाबा रोज त्याच पुलावरून फिरायला जायचे. त्यानंतर झालेला जादूटोणाविरोधी कायदाही मी वाचलाय, परिशिष्टासकट. एखादी बाई करणी करते असं उठवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. गोष्टी वाचण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आणि या कादंबऱ्यांत काय असतं? चेटकीण गावातली साधी दुकानदार असते. मेणबत्त्या आणि काढे विकते, आत्याशी हुज्जत घालते, जुना प्रियकर गावात परत आला की तिचे मंत्र चुकायला लागतात. गाव तिला वाळीत टाकत नाही, उलट तिच्या लग्नाची काळजी करतं. शेवट गोड होणार हे ठरलेलंच. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिली. आज तिथल्या पोलिसांच्या गणवेशावरच्या बिल्ल्यावर झाडूवरची चेटकीण आहे. बाईला चेटकीण म्हणून मारणारं गाव आणि तिच्या दुकानात चहा प्यायला येणारं गाव, यातलं दुसरं मला वाचावंसं वाटतं. यात अंधश्रद्धा कुठे आली?

सुरुवातीचं म्हणाल तर किंडलवर नमुना प्रकरण फुकट मिळतं, ते वाचा. पहिल्या वीस पानांत हसू आलं नाही तर खुशाल सोडा. बऱ्याचशा मालिका असतात, पहिल्या भागापासूनच घ्या, नाहीतर कुठली बहीण कुणाची हे कळत नाही. घरात कुणी नाक मुरडलं तर पुस्तक लपवू नका. मी भाऊजींना परिशिष्ट छापून दिलं, त्यातलं नेमकं कुठलं कलम मी मोडलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

हां, एक राहिलंच. मुखपृष्ठ कार्टूनसारखं असलं तरी आतले शृंगाराचे प्रसंग बरेचदा अगदी उघड असतात. आठवीतल्या भाचीच्या हातात देण्याआधी स्वतः चाळून बघा.