शेजारी कुत्रा ठेवून गेले, आता काय?

प्रश्न: वरचे लोक पंधरा दिवस सांभाळा म्हणून लॅब्रा ठेवून गेले, चार महिने झाले फोनच उचलत नाहीत. जिन्यात पाय वाजले की बिचारा दाराशी जाऊन बसतो. विजापूर रोडला सोडू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, सोडू नका हो! १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११, उपाशी राहील असं जनावर सोडून देणं गुन्हाय, पहिला दंड जेमतेम १० ते ५० रुपये, संताप येतो वाचून, पण गुन्हा तो गुन्हाच आणि सध्या ताबा तुमच्याकडं. मालकाला अमुक तारखेपर्यंत न्या असं व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानं लेखी कळवा. डॉक्टरची, खाण्याची बिलं जपा, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५८ खाली आवश्यक खर्च मागता येतो. दुसऱ्याला द्यायचा तर आधी मालकाकडनं हक्क सोडल्याचं लिहून घ्या.