वाचक विचारतात : रोझा पार्क्स उठल्या नाहीत, पण त्या रात्री आणखी कोण जागं होतं?

प्रश्न : आमचा कॉलेजच्या मुलामुलींचा छोटा ग्रुप आहे. ऑनलाइन पोस्ट टाकली की शेकड्यांनी लाइक येतात, मीटिंगला मात्र सात-आठ जणच. रोझा पार्क्सबद्दल वाचलं की वाटतं, एक बाई दमली, सीटवरून उठली नाही आणि अख्खं शहर हललं. आम्हाला तर एक सह्यांची मोहीम पूर्ण करता येत नाही. आमचं नेमकं काय चुकतंय?

उत्तर : अगं, तुला गोष्टच अर्धी सांगितलीये, आणि अर्ध्या गोष्टीच्या मापाने स्वतःला मोजायला गेलं की कुणीही कमीच भरणार.

आधी ते दमण्याचं. 1 डिसेंबर 1955 ला अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली सीट सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली तेव्हा त्या 42 वर्षांच्या होत्या, दुकानात शिवणकाम करायच्या हे खरं, पण बारा वर्षं त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या शहर शाखेचं काम करत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीला हायलँडर नावाच्या ठिकाणी चळवळीचं शिबिरही करून आल्या होत्या. त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय की अंग काही रोजच्यापेक्षा जास्त दमलेलं नव्हतं, कंटाळा आला होता तो दरवेळी मान तुकवण्याचा.

आता त्या रात्रीचं बघ. जो अ‍ॅन रॉबिन्सन म्हणून एक प्राध्यापिका, 1949 मध्ये बसच्या ड्रायव्हरने त्यांनाही अपमान करून उतरायला लावलं होतं. बायकांच्या एका राजकीय मंडळाच्या त्या अध्यक्ष, आणि मे 1954 मध्येच त्यांनी महापौरांना पत्र लिहून कळवलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर बहिष्कार होऊ शकतो. म्हणजे तयारी दीड वर्षं आधीपासून! अटकेची बातमी कळली तशा त्या रात्रीच कॉलेजात गेल्या, सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढायला बसल्या, कागद कमी पडू नये म्हणून एका पानावर तोच मजकूर तीनदा, मग पानं कापायची, गठ्ठे बांधायचे, पहाटेपर्यंत हेच. सोबत एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. चार जणं फक्त! तुमच्याकडे सात-आठ आहेत.

शुक्रवारी ती हजारो पत्रकं शाळांमधून, दुकानांमधून, ब्युटी पार्लरमधून घराघरात गेली, आणि सोमवारी, 5 डिसेंबरला, बसेस जवळजवळ रिकाम्या धावल्या. खरं तर बहिष्कार एकाच दिवसाचा ठरला होता, तो 381 दिवस चालला. आणि मला विचारशील तर यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग भाषणांचा नाहीये, गाड्यांचा आहे. बसचं भाडं होतं 10 सेंट, कृष्णवर्णीय टॅक्सीवाले तेवढ्यातच लोकांना न्यायला लागले, तर शहराने कमीत कमी 45 सेंट घेण्याचा नियम दाखवला. मग स्वतःच्या गाड्या काढल्या, जवळपास 300, कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता कोण थांबेल याची यादी, पेट्रोलचा हिशेब, सगळं. आणि हे सुद्धा त्यांना आपोआप सुचलं नाही बरं का, 1953 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये असाच छोटा बहिष्कार झाला होता, तिथल्या पाद्र्यांना फोन करून या बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांनी गाड्यांची व्यवस्था कशी लावायची ते विचारून घेतलं.

म्हणून पुढच्या मीटिंगला भाषण नको. कोण फोन करणार, कोण कुठल्या दिवशी सह्यांना जाणार, एवढंच ठरवा आणि नावं कागदावर लिहा. ज्याच्या नावापुढे काम असतं तो पुन्हा येतो, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे.

प्रश्न : मी शाळेत शिकवतो. फेब्रुवारीत अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात, तसं काही वर्गात घ्यावं असं मनात आहे. पण इतिहास ऐकून मुलं खरंच काही करतात का, की तेवढ्यापुरतं टाळ्या वाजवून मोकळी होतात?

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका पंधरा वर्षांच्या मुलीने देऊन ठेवलंय. क्लॉडेट कोल्विन, त्याच मॉन्टगोमेरीतली, शाळेतून बसने घरी चाललेली, 2 मार्च 1955, म्हणजे रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी. उठ म्हटल्यावर ती उठली नाही, पोलिसांनी ओढून बेड्या घातल्या. पुढे तिने सांगितलं की वर्गात नुकताच कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला होता, आणि तिला वाटत होतं की एका खांद्यावर हॅरिएट टबमन आणि दुसऱ्यावर गुलामीविरुद्ध बोलत फिरलेली सोजर्नर ट्रुथ हात ठेवून तिला खाली बसवतायत. गुलामीतून निसटून पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणणारी टबमन, तिला जाऊन तेव्हा 42 वर्षं होत आली होती! कुठल्यातरी शिक्षकाने तो तास मनापासून घेतला असणार.

पण पुढचंही मुलांना सांगा, लपवू नका. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही, वय लहान, घर गरीब, रंग जास्त काळा, आणि नंतर ती गरोदर राहिली. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं. तरीही फेडरल कोर्टात ज्या चार बायकांच्या नावाने केस लढली गेली त्यात ती होती, आणि 1956 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केलेल्या त्याच निकालाने बसमधला भेदभाव संपला. तिच्यावरचा जुना ठपका पुसायला मात्र 2021 उजाडलं.

प्रश्न : मला मोर्चात जाता येत नाही, घरच्यांना आणि मालकिणीला कळलं तर कामच जाईल. स्वयंपाक तेवढा चांगला येतो. माझा काय उपयोग?

उत्तर : ताई, जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल सांगते. त्या खानावळीत स्वयंपाकीण होत्या. त्यांनी बायका जमवल्या, केक, पाय, चिकनची सँडविचं करून विकली आणि बहिष्काराच्या गाड्यांसाठी पैसे उभे केले. त्यातल्या कितीतरी जणी गोऱ्यांच्या घरी कामाला, नाव बाहेर आलं तर संपलंच. म्हणून गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठूनच नाही. सभेत पैसे कुठून आले विचारलं की उत्तर तेच, कुठूनच नाही! कोणी किती दिले हे फक्त जॉर्जियाबाईंना माहीत.

बहिष्कारावरून किंग यांच्यावर झालेल्या खटल्यात त्यांनी स्वतः उघड साक्ष दिली आणि नोकरी गेली. मग घरीच स्वयंपाक करून विकायला लागल्या, नि किंग आणि इतर पुढारी त्यांच्याच टेबलाशी जेवत जेवत पुढचं ठरवायचे.