शनिवारी प्राग, आणि सोमवारी?

फेब्रुवारीतली गोष्ट. बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर एक बाई आल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढून माझ्यासमोर उघडून ठेवली. पानावर तारखा, तारखांपुढे गावं. प्राग. बुडापेस्ट. बार्सिलोना. पुन्हा प्राग, आणि त्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ.

"ताई, हे सगळे शनिवार-रविवार. चौदा लाखांचं कर्ज काढून हिला शिकायला पाठवली की हिंडायला?"

मुलीला इथे रेवा म्हणते. नाव बदललंय, काही तपशीलही. आणि मायलेकी दोघींनी वाचून हो म्हटल्यावरच हे लिहितेय. रेवाने पदवी इथल्याच फाइन आर्ट्समधून घेतली आणि सप्टेंबरअखेरीस ती फ्लोरेन्सला गेली. तिथल्या सरकारी कला अकादमीत चित्रकलेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. पूल, नदी, कॉफीचे कप, चार अनोळखी मुली आणि मधे हसणारी रेवा. फोटो पाहून आईला बरंच वाटत होतं. मग रेवाच्या आत्याने खाली लिहिलं, "मज्जा आहे बाई एका माणसाची!" त्या दिवसापासून डायरी सुरू झाली.

ही तक्रार घेऊन माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. मुलगा जर्मनीत असतो, मुलगी कॅनडात असते. विषय वेगळे, फोटो तेच. बडोद्याला खरं तर परदेशी शिक्षणाचं अप्रूप नवं नाही. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्या काळी घरच्यांना महिन्या-दोन महिन्यांनी एखादं पत्र मिळे. आता शनिवार दुपारचा फोटो शनिवारी दुपारीच येतो आणि सोमवारचा कधीच येत नाही. म्हणून मी पालकांना आधी सोमवार विचारते.

"तिचा सोमवार कसा जातो?"

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. "सोमवारी ती फोन उचलत नाही."

रेवाशी बोलणं रविवारी ठरलं, आपले रात्रीचे साडेआठ, तिथले दुपारचे चार. आईची इच्छा होती की आपणही शेजारी बसावं. मी नाही म्हटलं. मुलगी चोवीस वर्षांची आहे, तिने जे सांगितलं ते तिने परवानगी दिली तरच घरी पोचेल. बाईंना ते लागलं. फी आम्ही देतोय, असंही त्या म्हणाल्या. हे मला नवीन नाही.

पहिल्या भेटीत रेवा तयारीनेच आली होती. सगळ्या खर्चाचा हिशेब, कुठलं तिकीट किती युरोला, एकही दिवस हॉटेलात राहिले नाही, वगैरे. वकिलासारखी बोलत होती. आणि मी तिथे चूक केली. तिचा हिशेब ऐकून हिशेबानेच उत्तर दिलं. दोघींनी मिळून वेळापत्रक बनवलं, महिन्यातून एकच सहल, बाकी शनिवार स्टुडिओ. दोन आठवडे ते पाळलं गेलं. तिसऱ्या शुक्रवारी ती व्हिएन्नाला गेली आणि या वेळी फोटो टाकला नाही. डायरीत ती नोंद नाही. उघड चाललेली गोष्ट माझ्या वेळापत्रकाने चोरटी झाली, एवढंच त्यातून साधलं.

व्हिएन्नाचं तिने मला स्वतःहून सांगितलं. मग मी हिशेब सोडला आणि डायरी वाचल्यापासून मनात अडकलेला प्रश्न विचारला. "प्रागला दोनदा का गेलीस?"

"नवीन मुलींनी पाहिलं नव्हतं ना."

उत्तर अगदी सहज आलं. पण सगळी गुंतवळ त्यात होती. रेवाच्या फ्लॅटमध्ये चार मुली. त्यातल्या तिघी अमेरिकी कॉलेजांच्या, एका सेमिस्टरपुरत्या आलेल्या. फ्लोरेन्समध्ये असे कार्यक्रम भरपूर आहेत. त्यांचे वर्ग बहुतेक गुरुवारी संपतात. चार महिन्यांत युरोप बघून घ्यायचा असतो, त्यामुळे शुक्रवार उजाडला की पाठीवर पिशवी आणि पिसा नाहीतर बोलोन्याच्या विमानतळाकडे धाव, कारण स्वस्त विमानं तिथून सुटतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. डिसेंबरात पहिल्या तिघी घरी गेल्या, जानेवारीत नव्या तिघी आल्या, आणि नव्यांचा युरोप पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाला. रेवाला दोन वर्षं राहायचंय. ती मात्र दुसऱ्यांच्या चार महिन्यांच्या कॅलेंडरवर जगत होती.

"नाही म्हटलं तर?"

"तर शुक्रवारी संध्याकाळी दार बंद होतं आणि रविवारी रात्री उघडतं, मावशी. मधे मी आणि फ्रिजचा आवाज." पहिल्या भेटीतल्या 'मॅडम'ची मावशी कधी झाली ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मग ती म्हणाली की आईने दिलेल्या बडोद्याच्या लिल्या चिवड्याची पुडी ती फक्त घरी असलेल्या रविवारी उघडते, दोन मुठी खाते आणि परत रबर लावते. सप्टेंबरची पुडी मार्चमध्येही अर्धी होती. खवट झाली असणार, पण ते मी बोलले नाही.

आई ज्याला उनाडपणा समजत होती, ती खरं तर एकटं राहण्याची भीती होती. त्या सहलींतलं सगळ्यात आवडलेलं काय, असं विचारलं तर तिला पटकन आठवेना. प्रागला पाऊस होता. बुडापेस्टची सहल तापात काढली. बार्सिलोनात रांगा. सोमवारी सकाळी मॉडेल समोर बसवून चित्र काढायचा तास असे, आणि विमानतळावरून रात्री दोनला आलेली रेवा त्याला एकतर जात नसे, गेली तर पेंगत असे. अकादमीत हजेरी सक्तीची. म्हणजे आईची काळजी पार चुकीची नव्हती, फक्त दिवस चुकला होता.

मधल्या काळात रेवाच्या वडिलांनी मला एक फॉरवर्ड पाठवला. फ्लोरेन्समध्ये लोक चित्रं बघून चक्कर येऊन पडतात, आमच्या मुलीला तेच तर नाही ना झालं? बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस, एवढ्या दिवसांत त्यांनी विचारलेला हा एकच प्रश्न. त्याला आधार आहे. फ्रेंच लेखक स्तांधाल 1817 साली तिथल्या सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना छाती धडधडून पडायच्या बेतात आला होता, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे 1979 मध्ये ग्रात्सिएला मागेरिनी या तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा प्रवाशांच्या त्रासाला त्याचं नाव दिलं. पण निदानाच्या अधिकृत यादीत हा आजार नाही. वडिलांना मी एवढंच कळवलं की तुमच्या मुलीने त्या गावातली चित्रं चक्कर येण्याइतकी पाहिलेलीच नाहीत.

खरंच नव्हती पाहिली. पाच महिन्यांत उफ्फिझी संग्रहालयात ती एकदाच गेली होती, पहिल्या आठवड्यात. इटलीतल्या कला अकादमीच्या विद्यार्थ्याला सरकारी संग्रहालयांत फुकट प्रवेश असतो, तरीही. "इथेच तर आहे, बघू केव्हातरी." मी विचारलं, बडोद्यात शनिवारी काय करायचीस? चेहरा एकदम उजळला. रात्री स्टेशनवर स्केचिंग! फाइन आर्ट्सची पोरं वर्षानुवर्षं स्टेशनवर जातात. झोपलेली माणसं हलत नाहीत, मॉडेलचे पैसे पडत नाहीत, आणि चहा मिळतो. फ्लोरेन्समधली वही दाखव म्हटल्यावर तिने ती कॅमेऱ्यासमोर धरून पानं उलटली. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चित्रं होती. शेवटचं, कपडे धुण्याच्या दुकानात मशीनसमोर तोंड उघडं टाकून झोपलेल्या बाईचं, फार छान. त्यापुढे चिकटवलेली तिकिटं. पानामागून पान नुसती तिकिटं.

त्यावर मी काही बोलले नाही. रेवाच वही हातात धरून बराच वेळ बघत बसली.

नवं वेळापत्रक बनवलं नाही. एकच ठरलं: मैत्रिणी गेल्यावरचा पहिला तास कुठे घालवायचा, एवढंच. शुक्रवारी दार बंद झालं की ती वही घेऊन सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर जाऊन बसायची. अगदी बडोद्यासारखं नाही, तिथे झोपलेलं कुणी फार वेळ टिकत नाही. पण स्टेशनवर बसलेल्या माणसाला कधीतरी गाडीत चढावंसं वाटतंच. एका शनिवारी ती प्रातोला गेली. तीन-चार युरोचं तिकीट, अर्धा तास. तिथल्या मुख्य चर्चमध्ये फिलिप्पो लिप्पीची भित्तिचित्रं आहेत. संध्याकाळी घरी परत, रविवारी झोप, सोमवारी तासाला हजर. मग आरेत्सो, तिथे पिएरो देल्ला फ्रांचेस्काची. लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये ठोकून घ्यायला विसरली म्हणून एकदा दंडही भरला. आईने तोही शंभराने गुणून डायरीत लिहिला.

आईचं काम वेगळं होतं, आणि तसं म्हटलं तर जास्त अवघड. त्यांना मी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघून यायला सांगितलं. घरापासून दहा मिनिटांवर. भिंती, दारं, छत सगळीकडे एकोणिसाव्या शतकातली मराठा वळणाची चित्रं, आणि बाईंनी आयुष्यात आत पाऊल टाकलेलं नव्हतं. "इथेच तर आहे," त्याही म्हणाल्या. लेक तिथे दोन वर्षं स्केचिंगला जात होती, हेही त्यांना नव्याने कळलं. गेल्या, परत आल्या, आणि त्या रविवारी फोनवर पहिल्यांदा 'जेवलीस का, किती खर्च झाला' सोडून वेगळं विचारलं: त्या भिंतीवर रंग इतकी वर्षं टिकतो कसा गं? रेवा चाळीस मिनिटं बोलली.

परीक्षेचा एक गोंधळ मात्र झाला. फेब्रुवारीत रेवाने एक पेपर दिला नव्हता. आईच्या कानावर पडलं ते "नापास". इटलीत एकाच विषयाच्या परीक्षेच्या वर्षात अनेक फेऱ्या असतात, बऱ्याच तोंडी. गुण तीसपैकी, अठराला पास, आणि मिळालेला गुण कमी वाटला तर तो नाकारून पुढच्या फेरीला पुन्हा बसता येतं. आपल्याकडची एटीकेटी डोक्यात असणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला. फक्त शिष्यवृत्ती असेल तर ठरलेल्या तारखेआत ठरलेली क्रेडिट व्हावी लागतात, ते रेवाने सांभाळलं होतं. जूनमध्ये सव्वीस मिळाले.

सगळ्या घरांत गोष्ट इतक्या सरळ वळणाने जात नाही. सहलीचे पैसे उधारीचे असतील, सोमवारमागून सोमवार बुडत असतील, मूल झोपत-जेवत नसेल किंवा फोनवर एकेका शब्दात उत्तरं देत असेल, तर भाड्याच्या खोलीत काय चाललंय याचा अंदाज बडोद्यात बसून बांधू नका. संस्थेत समुपदेशनाची सोय असते, तिकडे त्याला जाऊ द्या, आणि तिकिटांचा वाद नंतर.

आता खरं सांगायचं तर पुढचं काम माझ्या समुपदेशनाने केलं नाही, सरकारी दिरंगाईने केलं. ऑक्टोबरापर्यंत रेवाचा एक वर्षाचा व्हिसा संपला होता. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करायला टाकलं. आपली तिथली मुलं त्याला 'परमेसो' म्हणतात. नवं कार्ड यायला महिने लागतात, तोवर हातात नुसती पोस्टाची पावती. त्या पावतीवर इटलीत कुठेही फिरा, पण व्हिसा संपल्यावर तिच्या भरवशावर शेजारच्या देशात जाता येत नाही. तोपर्यंत फ्लॅटमध्ये अजून नव्या तिघी आल्या होत्या आणि त्यांना, अर्थातच, प्राग बघायचं होतं. रेवाला कारण सांगावंही लागलं नाही.

त्या दिवसांत ती पादुआला गेली. स्क्रोवेन्यी चॅपल, जोत्तोने साधारण 1305 पर्यंत रंगवून पुरं केलेलं. आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, आणि मग आत पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात तिने चित्र काढलं नाही, सांधे शोधले. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तर एका दिवसात पुरा होईल तेवढाच गिलावा थापतात. त्या एका दिवसाच्या तुकड्याला तिकडे 'जोर्नाता' म्हणतात, आणि नीट पाहिलं तर एका दिवसाची कड दुसऱ्यावर चढलेली दिसते. हे तिने आईला फोनवर समजावलं तेव्हा आई म्हणाली, "मग त्यात काय, रांगोळीपुरतंच सारवावं तसं." रेवाने हे मला आवर्जून कळवलं. आमच्या सरांना सांगणार आहे, म्हणाली.

डिसेंबरात आईचा फोन आला. आवाज तोच, फेब्रुवारीतला.

"ताई, चार रविवार झाले, पोरगी कुठे म्हणून गेली नाही. नुसती घरात. काही झालं तर नसेल?"

मी विचारलं, सोमवारी काय केलं तिने?

"थांबा हं," बाई म्हणाल्या, "विचारून सांगते."