कणओळखीसाठी जलद वायू-डिटेक्टर बनवायचा आहे. वायू आणि ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा?

सेकंदाला लाखभर जड आयन येणार असतील, तर ॲम्प्लिफायरचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी इलेक्ट्रोडांमधले अंतर ठरवावे. विद्यार्थिदशेत याच मुद्द्यावर माझे मार्गदर्शकांशी बिनसले होते, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो.

आमच्या आयनीकरण कक्षात, म्हणजे कणाने वायूत सुटे केलेले इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या डिटेक्टरात, इलेक्ट्रोडांमध्ये बीमच्या दिशेने १० सेंटिमीटरची एकच फट होती. ९० टक्के आर्गॉन आणि १० टक्के मिथेनच्या मिश्रणात इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदाला साधारण ५ सेंटिमीटर सरकतात, म्हणजे सर्वांत दूरचा इलेक्ट्रॉन ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) पोहोचायला २ मायक्रोसेकंद लागत. जळगावात अल्फा स्रोतावर सेकंदाला जेमतेम शंभर कण येत, त्यामुळे सारे सुरळीत दिसले. प्रवेगकावर लाखाचा दर मिळाला, तेव्हा जवळपास दर पाचव्या संकेतावर दुसरा स्वार झाला आणि ज्यांवरून कण ओळखायचे, ते आलेखावरचे शेजारच्या अणुक्रमांकांचे पट्टे एकमेकांत मिसळले. दोष ॲम्प्लिफायरला दिला गेला. नवा आणला, पट्टे तसेच राहिले.

पुढे मी त्याच लांबीत तारांच्या जाळ्या २ सेंटिमीटर अंतराने, आळीपाळीने ॲनोड आणि कॅथोड अशा रचल्या. त्या ३० अंश तिरक्या ठेवल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन कणाच्या मार्गावरच पुन्हा भेटून विरत नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेली २० मायक्रॉनची टंगस्टनची तार माझ्या हातून सारखी तुटे. शेवटी विहिरीच्या मोटारी भरणाऱ्या एका काकांनी तारेच्या टोकाला लहानसा नट लटकवून, डाग देईपर्यंत ताण एकसारखा ठेवायला शिकवले. ‘‘जास्त ताणू नको भाऊ, तुटी जाई,’’ एवढेच ते म्हणाले. संकलनाचा वेळ ०.४ मायक्रोसेकंदांवर आला.

कार्बन टेट्राफ्लोराइड वायूमध्ये इलेक्ट्रॉन आर्गॉन-मिथेन मिश्रणातल्यापेक्षा साधारण दुप्पट वेगाने जातात, पण तो महाग आहे. वायूचा दाब मात्र तुमच्या आयनावर आणि त्याच्या ऊर्जेवर ठरेल. शिवाय तारा २ मिलिमीटर अंतरावर असल्यास प्रत्येक जाळी सुमारे एक टक्का कण अडवते, हे हिशेबात धरावे.

आपल्याकडच्या मे महिन्याचाही विसर पडू देऊ नये. दाब स्थिर ठेवला, तरी तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास वायूची घनता ५ टक्क्यांनी घटते आणि ऊर्जाऱ्हासही, म्हणजे कण वायूत गमावतो ती ऊर्जाही, त्याच प्रमाणात सरकतो. कक्षाला तापमापी जरूर बसवावा. आमच्या त्या नव्या ॲम्प्लिफायरच्या पैशांत असे तापमापी टोपलीभर आले असते.