थेरेसा मे खरंच आजींचं घर घेणार होत्या का?

ताई, तुम्ही विचारलंय की लेस्टरला ज्या आजींकडे सकाळ-संध्याकाळ केअरर म्हणून जाता त्या अजून म्हणतात "ती मे बाई माझं घर घेणार होती", तर हे खरं का, आणि प्रश्न इतका घराघरातला असून निवडणुकीत सगळे पक्ष मूग गिळून का बसतात. मे पंतप्रधान असताना २०१७ला निवडणूक झाली तेव्हा मी रेडिंगला होतो, सगळं डोळ्यादेखत झालंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आजी अर्ध्या बरोबर आहेत. आधी नियम बघा, इंग्लंडचा, कारण स्कॉटलंडला वेगळं आहे, तिथे २००२पासून म्हाताऱ्यांना पर्सनल केअर (अंघोळ, कपडे, जेवण यातली मदत) फुकट मिळते. इंग्लंडमध्ये २३,२५० पाउंडांच्या वर पुंजी असली की केअरचा खर्च स्वतःच करायचा, आणि हा आकडा २०१०पासून हललेला नाही. मेख अशी की केअर होममध्ये गेलात तर राहतं घर या पुंजीत धरतात, पण केअरर तुमच्या घरी येत असेल तर घर धरत नाहीत. मे यांच्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं की घर दोन्हीकडे धरायचं, पण ती २३,२५०ची मर्यादा १ लाख करायची, आणि बिल मेल्यानंतर घर विकून वसूल करायचं. म्हणजे ३ लाखांचं घर आणि बँकेत १५ हजार असलेली बाई होममध्ये गेली तर मुलांसाठी २३ हजारांऐवजी १ लाख उरणार, फायदाच. पण तीच बाई घरी राहून केअरर बोलावत असेल तर आत्ता कौन्सिल (तिथली नगरपालिका) बहुतेक खर्च उचलते, तो सगळा तिच्या घरावर चढणार. तुमच्या आजी या दुसऱ्या गटातल्या, त्यामुळे त्यांचं घाबरणं चूक नव्हतं.

आमच्या शेजारी एक विधवा बाई होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे केअरर यायची. एक दिवस कुंपणावरून पत्रक दाखवून मला म्हणाल्या, "हे १ लाख म्हणजे ते मला ठेवणार की माझ्याकडून घेणार?" मी समजावलं तर उलट विचारलं, "पण आत्ता तर सगळं फुकट आहे ना, एनएचएससारखं?" (एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा.) मला विचाराल तर सगळी निवडणूक या एका वाक्यात होती. लोकांना आधीचाच नियम माहीत नव्हता. कॅन्सर झाला तर एनएचएस बघतं, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला तर ती "सोशल केअर", तिथे पैसे मोजा, हे बहुतेकांना आईवडलांवर वेळ आल्यावरच कळतं. तर जी वाईट बातमी आधीपासूनच होती ती मतदानाच्या ३ आठवडे आधी पहिल्यांदा सांगितली कोणी, तर मे बाईंनी, आणि वर सांगणाऱ्याच्याच नावावर बिल फाटलं. विरोधकांनी "डिमेन्शिया टॅक्स" म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यात त्यांनी घोळ पण किती घालावा. जाहीरनामा आला १८ मेला, हॅलिफॅक्समध्ये, त्याच दिवशी आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी रेडिओवर सांगितलं की माणसाच्या खिशातून जाणाऱ्या केअरच्या खर्चाला कमाल मर्यादा, ती कॅप, आम्ही ठेवत नाही. ही कॅप २०११ला डिल्नॉट आयोगाने सुचवली होती, २०१४च्या केअर अॅक्टमध्ये आलीसुद्धा होती, फक्त लागू करणं पुढे ढकललेलं. मग ४ दिवसांत, २२ मेला, रेक्सममध्ये मे म्हणाल्या कॅप असेल, आणि पत्रकारांनी घेरलं तर "नथिंग हॅज चेंज्ड". "स्ट्राँग अँड स्टेबल" हे घोषवाक्य घेऊन मतं मागायला निघालेली बाई! याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

अर्थात सगळं खापर यावर फोडू नका. विरोधी लेबर पक्षाचे नेते कॉर्बिन यांचा प्रचार जोरात होता, विद्यापीठाची फी माफ करण्याच्या आश्वासनामुळे तरुण पोरं लेबरकडे गेली, ब्रेक्झिट होतं, आणि मँचेस्टर व लंडन ब्रिजच्या हल्ल्यांनंतर पोलीसकपातीचा मुद्दा आला. पण एप्रिलमध्ये काही पोलमध्ये जवळपास २० टक्के पुढे असलेला पक्ष ८ जूनला ३१७ जागांवर आला, बहुमत गेलं, रेडिंग ईस्टची जागा लेबरने घेतली, आणि शेवटी पाठिंब्यासाठी डीयूपी या उत्तर आयर्लंडच्या छोट्या पक्षाच्या दारात जावं लागलं.

अन् मे यांच्या पक्षाला बिचारे म्हणायची पण सोय नाही, कारण २०१०ला हेच त्यांनी लेबरवर केलं होतं. लेबर केअरसाठी मेल्यानंतरच्या वसुलीचा विचार करत होतं, तर कॉन्झर्वेटिव्हांनी थडग्याचं पोस्टर काढलं की मेल्यावर तेव्हाचे लेबर पंतप्रधान गॉर्डन ब्राउनला २० हजार पाउंड हवेत. "डेथ टॅक्स" म्हणे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तसं झालंय. २०१९च्या निवडणुकीत कॉन्झर्वेटिव्ह पंतप्रधान जॉन्सन यांनी फक्त "कोणाला घर विकावं लागणार नाही" इतकंच ठेवलं, निवडून आल्यावर २०२१ला ८६ हजारांची कॅप जाहीर केली, तीही पुढे ढकलत ऑक्टोबर २०२५वर नेली. लेबर जुलै २०२४ला आलं आणि महिना व्हायच्या आत अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती कॅपच रद्द केली. मग केअरवर विचार करायला लुईस केसी यांचा आयोग, ज्याचा अंतिम अहवाल २०२८पर्यंत, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर, कोण उघडणार तो तेव्हा? २०२४ला फक्त लिबरल डेमोक्रॅट मोठ्याने बोलले, त्यांचे नेते एड डेव्हींनी स्वतःच्या अपंग मुलाची काळजी घेण्याबद्दल सांगितलं, पण त्यांना सरकार बनवायचं नव्हतं, त्यांना बोलायला काय जातंय.

आजींना एवढं सांगा की त्या घरी आहेत तोवर घर मोजत नाहीत. आणि तुमचं स्वतःचं, भारतीय पासपोर्टवर इथे राहत असाल तर पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, अनेकांना हे माहीतच नसतं. कौन्सिलकडे नाव नोंदवा, आणि बूथवर फोटो ओळखपत्र म्हणून तोच पासपोर्ट चालतो.