‘बाहेर मराठीतच बोल’

प्रिय ताई,

मी सत्तावीस वर्षांची. जन्म, शाळा, कॉलेज मुंबईत, आता नोकरीसाठी पुण्यात. माझे पणजोबा दक्षिण चीनमधून सुतारकामासाठी माझगावला आले. आम्ही कँटोनीज, आजी-आजोबांची भाषाही तीच. घराजवळ होती म्हणून मला मराठी शाळेत घातलं. वडिलांच्या आईला आमच्यात ‘मा-मा’ म्हणतात. पहिलीत मी ‘माझी मामा मला वेणी घालते’ म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. नंतर मी आजीला शाळेच्या फाटकापर्यंत येऊ दिलं नाही. आजी म्हणायची, घरात काहीही बोल, बाहेर मराठीतच बोल. आजोबा कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन झोपायचे. मोठी झाल्यावर नव्या ओळखीत मी मणिपूरची आहे असं सांगू लागले. २०२० मध्ये रस्त्यात मुलं ‘कोरोना’ म्हणून ओरडली, तेव्हा मला आधी माझ्याच चेहऱ्याचा राग आला. तरी कुणी चिनी लोकांना नावं ठेवली की पोटात तुटतं. आता आजी ८६ वर्षांची आहे. विसरायला लागलीय. मराठी गेली, हिंदी गेली, फक्त कँटोनीज उरलीय आणि ती मला येत नाही, पप्पांना येते. मी मँडरिनचा, म्हणजे चीनच्या राजभाषेचा, क्लास लावला, पण बोलायला गेले की आजी परक्यासारखी बघते. भाऊ टोरांटोला आहे. तो म्हणतो इकडे ये, इथे कुणी वळून बघत नाही. मी चिनी म्हणून खोटी आणि मराठी म्हणूनही खोटी. काय करू?

– माझगावची

माझगावच्या मुली,

‘मी कोण’ हा प्रश्न थोडा थांबू शकतो. आजी थांबू शकत नाही, म्हणून आधी तिचं बघू.

मँडरिनचा क्लास आवडत असेल तर चालू ठेव, पण आजीपर्यंत तो तुला नेणार नाही. मँडरिन आणि कँटोनीज यांचं लिखाण बरंचसं एक असलं तरी एक बोलणाऱ्याला दुसरी ऐकून कळत नाही. एखादी नात आपल्या मराठी आजीशी मोठ्या मायेनं बंगालीत बोलायला लागली तर ती आजीही अशीच बघत राहील. तुझी आजी तुला ओळखत नाही असं तू धरून चाललीस. मला वाटतं, तिला फक्त तुझे शब्द ओळखता आले नाहीत.

कँटोनीज अवघड आहे. सहा सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. पण तुला सगळी भाषा कुठे हवीय? तुला हवी आहे एका म्हातारीच्या दिवसभराची भाषा. दुखतंय का, पाणी देऊ का, पंखा लावू का, मी रविवारी येते. अशी वीस-पंचवीस वाक्यं पप्पांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घे आणि पुण्याहून मुंबईला येता-जाता ऐकत राहा. पहिली दोन मी सुचवते. तिच्या भाषेत भेटल्यावर मायेनं विचारतात, ‘सिक जो फान मेइ आ?’ म्हणजे जेवलीस का. आणि ताट पुढे ठेवून म्हणतात, ‘मान मान सिक’, सावकाश खा. आपल्या पंगतीतलं ‘सावकाश होऊ द्या’ ते हेच. देवनागरीत सूर उतरत नाहीत, ते पप्पांच्या तोंडून घे. उच्चार चुकला तर आजी कदाचित दुरुस्त करेल. विसरणारी माणसंसुद्धा लहान मुलाचा शब्द दुरुस्त करायला विसरत नाहीत, हे मी माझ्या आईच्या शेवटच्या दोन वर्षांत पाहिलं आहे.

आता शाळेच्या फाटकाचं. त्याबद्दल लिहिताना मला जड जातंय, कारण मी त्या हसणाऱ्या वर्गातली आहे. तुझा वर्ग नव्हे, पण तसाच. साठच्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चिनी कुटुंबाचं केस कापायचं दुकान होतं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती दिसली की आम्ही पोरं डोळे ताणून काहीतरी गाणं म्हणायचो. एकाही मोठ्या माणसानं आम्हाला दटावलं नाही. एक दिवस दुकान बंद झालं. ते लोक कुठे गेले, का गेले, मी कधी विचारलं नाही. तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. तेव्हा सहा वर्षांच्या तुला जी लाज वाटली ती तुझ्यात उगवलेली नव्हती. ती आमच्यासारख्यांनी तुझ्या दप्तरात घातली आणि तू इतकी वर्षं ती आपली समजून वागवलीस.

भाषा तुझ्यामुळे गेली, असं तू मनाशी धरलं आहेस. पण तूच लिहिलेलं आजीचं वाक्य पुन्हा वाच. ‘बाहेर मराठीतच बोल’ असं सांगणारी बाई नातीकडून भाषा काढून घेत नव्हती, तिला झाकत होती. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीमेवर चीनशी युद्ध झालं तेव्हा ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल. त्याच नोव्हेंबरापासून आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागांतून चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना उचलून राजस्थानातल्या देवली इथल्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात बायका होत्या, तान्ही मुलं होती, कित्येकांचा जन्म इथलाच होता. चीन त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. काही जण पुढे चार-पाच वर्षं तिथेच होते. सुटून आलेल्या अनेकांची घरं, दुकानं परत मिळाली नाहीत. जे छावणीत गेले नाहीत त्यांनाही पोलिसांत नाव नोंदवावं लागलं आणि गाव सोडून जायचं तर परवानगी घ्यावी लागली. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे मला कुणी शिकवलं नाही आणि ज्यांनी शिकवायला हवं होतं त्यांचा मला आजही राग येतो. आजोबांच्या उशाशी असलेली पिशवी कशासाठी होती, हे आता तुला कुणी वेगळं सांगायला नको. ती पिशवी घरात असेल तर पप्पांबरोबर बसून एकदा उघड. त्यात तारखा, पत्ते, शिक्के असतील. तुझ्या घराच्या गप्प बसण्याचा हिशेब त्यात सापडेल.

मणिपूरचं खोटं बोलल्याबद्दल स्वतःला माफ कर, पण यापुढे बोलू नकोस. २०२० मध्ये ‘कोरोना’ची हाक मणिपूर-नागालँडच्या मुलींनीही ऐकली आणि घरमालकांचे टोमणेही सोसले. म्हणजे त्या नावाआड तुला आडोसा नव्हताच, उलट दुसऱ्या कुणाचं घर तू मुखवट्यासारखं वापरत होतीस. विचारलं तर ‘माझगावची’ म्हण. त्यापुढे ‘पण मूळची कुठली?’ असं आलं तर मनात असेल तेव्हा सांग, नसेल तेव्हा सांगू नकोस.

आणि पोटात तुटतं त्याबद्दल. बीजिंगमधलं सरकार जे करतं त्याचं उत्तर तू देणं लागत नाहीस. गलवाननंतर तुला कुणी ‘तू कुणाच्या बाजूची?’ असं विचारलं असेलच. विचारणाऱ्याला तो हक्क नाही. काही भली माणसं तुला डॉक्टर कोटणीसांची गोष्टही सांगतील. सोलापूरचा तरुण १९३८ मध्ये चीनला गेला, तिथल्या जखमींची शुश्रूषा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला. फार मोठा माणूस. पण ते स्वतः ठरवून गेले होते, तू नुसती जन्मलीस. दोन देशांमधला पूल होण्याची सक्ती तुझ्यावर नको. चीनच्या सरकारचा राग येणं, चिनी म्हणून हिणवल्यावर दुखणं आणि आजीच्या हातची कांजी आठवून भरून येणं, हे तिन्ही तुझंच आहे. त्यातलं एक खरं आणि बाकीची खोटी, असं ठरवत बसू नकोस.

भावाचं म्हणणं मी समजू शकते. कोलकात्याच्या टांगरा या चिनी वस्तीतली कितीतरी हक्का (चिनी लोकांतलाच एक समाज) कुटुंबं टोरांटोला गेली. तिथे ती हॉटेलं काढून काय विकतात, तर चिली चिकन आणि मंच्युरियन, आपल्याकडच्या चवीचं. तिकडचे चिनी त्या पदार्थांना चिनी मानत नाहीत आणि ही माणसं मात्र त्याच चवीसाठी जीव टाकतात. तिकडे तुझ्याकडे वळून बघणार नाहीत, हे खरं असेल. पण तू तोंड उघडलंस की कँटोनीज येईना आणि मनात वाक्यं मराठीत जुळताहेत, हे तिथेही तुझ्याबरोबर येणार. चांगली नोकरी मिळाली तर जरूर जा. मात्र आजी असेपर्यंत जाऊ नकोस. एवढं एक मी सल्ला म्हणून नाही, आग्रहानं सांगते.

माझगावच्या नवाब टँक रोडवरच्या तुमच्या देवळात तू लहानपणी नववर्षाला जात असशील. १९१९ पासूनचं ते देऊळ. तिथे करुणेची देवी ग्वानयिन आहे. ती मुळात आपल्याकडचा अवलोकितेश्वर. बौद्ध धर्माबरोबर तो बोधिसत्त्व चीनला गेला आणि काही शतकांत तिथे बाईच्या रूपात पुजला जाऊ लागला. कान्हेरीच्या लेण्यांत तो दगडात कोरलेला आहे, शाळेच्या सहलीत कदाचित तू त्याच्यासमोर उभी राहून डबा खाल्ला असशील. चार-पाच एप्रिलला छिंगमिंग येतो, पूर्वजांच्या कबरी झाडून पुसून तिथे जेवण ठेवायचा दिवस. पप्पा आजोबांच्या कबरीवर जात असतील तर या वर्षी बरोबर जा. कारण कळत नाही म्हणून संकोचू नकोस. पितृपक्षात कावळ्याला पान ठेवणाऱ्या माझ्या घरातल्या मुलांनाही ते कळत नाही, ती नुसता पाण्याचा तांब्या धरतात.

पण ते एप्रिलमध्ये. आधी हा रविवार. वाक्यं पाठ झाली नसली तरी जा. आजीचे पाय चेप, तिची वेणी तू घाल. आणि जिना चढताना खालूनच मोठ्यानं ‘मा-मा’ म्हणून हाक मार, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तुझी,
ताई